कोकणावर इंजिन थांबलं तर: पुळण, सडा की मळा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्यांनी बारामतीला उड्डाण शिकून खासगी वैमानिकाचं लायसन्स मिळवलं आहे. डिसेंबरात एका मित्राला बरोबर घेऊन सेसना १७२ या छोट्या, एक-इंजिनी विमानातून रत्नागिरीहून किनाऱ्याकिनाऱ्याने चिपीला, म्हणजे सिंधुदुर्गच्या विमानतळावर, जायचा त्यांचा बेत आहे. ते विचारतात, ‘वाटेत इंजिन बंद पडलं तर खाली सगळीकडे पुळण आहे, सडे आहेत. म्हणजे उतरायला जागाच जागा. मग विशेष काळजी करायला नको ना?’ (पुळण म्हणजे किनाऱ्यावरची वाळू, सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार.)

काळजी करायला हवी, आणि ती आताच, घरी बसून करायला हवी. मी अडतीस वर्षं छोटी विमानं उडवली, त्यातली बावीस शिकवण्यात गेली. माझं गाव रत्नागिरी तालुक्यात आहे. खरंखुरं फोर्स्ड लँडिंग, म्हणजे नाइलाजाने मिळेल तिथे उतरणं, माझ्यावर एकदाच आलं, तेही तुम्ही निघाला आहात त्याच पट्ट्यात. तेव्हा हे उत्तर जरा लांबेल.

बारामतीला तुम्ही सराव केलात तो देशावरच्या शेतांवर. तिथे इन्स्ट्रक्टरने थ्रॉटल मागे ओढून इंजिनाची शक्ती काढून घेतली की खाली पाहायचं, ऊस सोडून जे मोठं मोकळं रान दिसेल ते धरायचं. चुकलं तर शेजारी दुसरं असतं. कोकणात शेजारी दुसरं नसतं. इथे सपाट दिसणारी जागा आणि उतरता येण्यासारखी जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांतला फरक हवेतून तीन हजार फुटांवरून दिसत नाही. तो जमिनीवर चालून, शेतकऱ्याला आणि मच्छीमाराला विचारून कळतो.

आधी हिशेब करू. रत्नागिरी आणि चिपी या दोन धावपट्ट्यांमध्ये सरळ रेषेत सुमारे ६० नॉटिकल मैल आहेत. रत्नागिरीचं विमानतळ तटरक्षक दलाच्या वापरात आहे. चिपीची धावपट्टी २५०० मीटर लांब आहे आणि ती ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाली. १७२ चं इंजिन थांबलं की इंजिनाशिवाय तरंगत उतरण्याच्या, म्हणजे ग्लाइडच्या, चांगल्यात चांगल्या वेगाला, मॉडेलनुसार ६५ ते ६८ नॉटला (नॉट म्हणजे ताशी नॉटिकल मैल), हजार फुटांमागे साधारण दीड नॉटिकल मैल अंतर कापलं जातं आणि मिनिटाला सातशे-साडेसातशे फूट उतरत राहता. तुम्ही ३५०० फुटांवर आहात. खालचा सडा समुद्रसपाटीपासून तीनशे फूट वर आहे असं धरा, कारण अल्टिमीटर (उंचीमापक) समुद्रापासून मोजतो, सड्यापासून नाही. उरले ३२००. जागेच्या डोक्यावर येऊन, वारा पाहून, एक वळसा घेऊन नीट उतरायला हजार-दीड हजार फूट लागतात. म्हणजे जागा शोधत जायला तुमच्याकडे सतराशेच फूट आहेत. अडीच मैल. वेळ म्हणाल तर सगळी मिळून साडेचार मिनिटं.

आता तोच प्रवास ५५०० फुटांवरून करा. दक्षिणेकडे जाताना नियमाने मिळणारी पुढची पातळी तीच आहे. हिशेब तोच केला तर अडीच मैलांचे साडेपाच मैल होतात. दोन हजार फुटांनी तुमचं वर्तुळ रुंदीला दुपटीहून मोठं झालं आणि क्षेत्रफळाने चौपटीच्या वर गेलं. एटीसी (हवाई वाहतूक नियंत्रण) देईल आणि ढग परवानगी देतील तेवढी उंची घ्या. किनारा जवळून पाहायची हौस मला समजते, मलाही होती. पण खालून फिरताना जे सुंदर दिसतं तिथे उतरायला बहुतेक वेळा जागा नसते.

आता पुळणींकडे येऊ. रत्नागिरीपासून देवगडपर्यंतचा किनारा अखंड वाळूचा नाही. भाट्ये, गावखडी, वेत्ये, आंबोळगड अशा पुळणी आहेत, पण प्रत्येक पुळण दोन डोंगरांच्या सोंडांमध्ये बसलेली आहे. मधला भाग कड्यांचा, खाली लाटा फुटणारे काळे खडक. पूर्णगड, जैतापूर, विजयदुर्गच्या खाड्या मध्ये येतात. देवगड सोडल्यावर कुणकेश्वर, मिठबाव, तांबळडेग असं करत वाळू वाढत जाते, आणि आचऱ्याच्या पुढे तोंडवळी-तळाशील, मग मालवणच्या खाली तारकर्ली-देवबाग असे लांबच लांब पट्टे लागतात. म्हणजे वाटेचा उत्तरेकडचा अर्ध्याहून जास्त भाग कठीण आहे. नकाशावर पेन्सिलीने हे दोन भाग वेगळे करून ठेवा. कठीण भागातच उंची हवी.

पुळण आहे एवढं पुरेसं नाही. ती कोणत्या वेळी किती आहे हे पाहावं लागतं. वरची कोरडी वाळू भुसभुशीत असते, त्यात पुढचं चाक रुतलं की विमान नाकावर जातं. उतरण्याजोगी असते ती भरतीची रेघ आणि पाण्याची कड यांमधली ओली, घट्ट वाळू. ज्या पुळणीचा उतार मंद आणि वाळू बारीक, तिथे ही पट्टी रुंद आणि टणक मिळते. ज्या पुळणीचा उतार तीव्र, तिथली वाळू बहुधा जाड आणि सैल. खाडीच्या तोंडाशी असलेली वाळू लांबून कितीही गुळगुळीत दिसली तरी तिच्यावर विश्वास ठेवू नका. तिथे माणूस गुडघ्यापर्यंत रुततो.

ही पट्टी कधी उघडी असते हे सांगायला मला कोणतंही ॲप लागत नाही. आमच्याकडे पोरंसोरंसुद्धा हा हिशेब करतात. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ येते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला भरती, आणि दुपारी बाराला ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे भर दुपारच्या आसपास पूर्ण भरती आणि संध्याकाळी साडेपाचला ओहोटी. तासाभराचा फरक धरून चला, पण विमान उडवणाऱ्याला एवढं पुरतं. त्यात पौर्णिमा-अमावास्येचं उधाण असतं. पाणी वर येतं तेव्हा सुरूच्या झाडांना टेकतं आणि उतरतं तेव्हा लांब उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. उधाणाचा चढउतार मुंबईकडे चार मीटरच्या वर जातो, मालवणकडे त्याच्या निम्म्याच्या आसपास. तेव्हा तुम्ही अमावास्येला दुपारी बारा वाजता निघालात तर तुमच्या त्या ‘जागाच जागा’तली निम्मी जागा पाण्याखाली असेल. निघायचा दिवस ठरवताना हवामानाबरोबर तिथीही बघा.

वाऱ्याचंही गणित इथे वेगळं आहे. डिसेंबरात सकाळी जमिनीकडून हलके मतलई वारे असतात. अकरानंतर खारा वारा सुरू होतो आणि दुपारी वायव्येकडून दहा-पंधरा नॉटने वाहतो. किनारा दक्षिणोत्तर, म्हणजे पुळणीवर दुपारी तिरपा वारा मिळणार. अशा वेळी उत्तरेकडे तोंड करून उतरायचं. समुद्र डावीकडे राहतो, तुम्ही डाव्या सीटवर असता, पाण्याची कड तुम्हाला खिडकीतून सतत दिसते. वारा कळत नसेल तर धूर शोधा. डिसेंबरात चुलीचा किंवा शेकोटीचा मिळतो. फेब्रुवारीपासून राब भाजायला लागले की सगळा कोकण तुम्हाला वारा दाखवत असतो.

पुळणीवर माणसं असतात. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढली जात असेल तर दोन्ही बाजूंना लांब दोर आणि पन्नास माणसं ओळीने उभी असतात. वर ओढलेल्या होड्या असतात, वाळत घातलेली जाळी असतात. तारकर्लीला नाताळच्या सुट्टीत तर पाय ठेवायला जागा नसते. २ ऑगस्ट २०१७ रोजी पोर्तुगालमध्ये लिस्बनजवळ एक सेसना १५२ इंजिन बंद पडल्यामुळे गजबजलेल्या पुळणीवर उतरवली गेली. विमानातले दोघे वाचले, पण वाळूवरचे दोघे गेले, आणि त्यांत आठ वर्षांची एक मुलगी होती. मी माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याला हे सांगत आलो. विमानात बसताना धोका आपण पत्करलेला असतो, वाळूत खेळणाऱ्या पोराने नाही. पुळण भरलेली असेल तर ती तुमच्यासाठी नाहीच. किनाऱ्याला समांतर, पोहून जाण्याच्या अंतरावर, पाण्यात उतरा.

पाण्यात उतरायचं म्हटलं की सगळ्यांना न्यूयॉर्कची हडसन नदी आठवते. १५ जानेवारी २००९ ला एअरबस ए-३२० नदीत उतरली आणि १५५ जण सुखरूप बाहेर आले. ते विमान खालच्या पंखांचं होतं, चाकं आत घेतलेली होती आणि ते तरंगत राहिलं. तुमच्या १७२ ची चाकं बाहेर असतात आणि पंख डोक्यावर असतात. चाकं पाण्याला लागली की नाक खाली जातं, कधी विमान उलटंही होतं, आणि केबिनमध्ये पाणी शिरतं. म्हणून दार हवेत असतानाच उघडून त्याच्या फटीत बूट किंवा वही अडकवायची, नाहीतर चौकट वाकून ते बसतं. लाइफ जॅकेट आधीपासून अंगावर हवं, सीटखाली नाही. पण फुगवायचं बाहेर पडल्यावरच. आत फुगवलेलं जॅकेट माणसाला छताला चिकटवतं. लाटांच्या ओळींना समांतर, म्हणजे आपल्याकडे साधारण किनाऱ्याला समांतर, शक्य तितकं सावकाश आणि पंख सपाट ठेवून. फ्लॅप (वेग कमी करायला पंखांच्या मागच्या कडेच्या खाली येणाऱ्या झडपा) किती घ्यायचे ते तुमच्या विमानाच्या पुस्तकात बघून पाठ करा. आपला समुद्र उबदार आहे, गारठून मरायची भीती नाही, आणि होडी जवळ असेल तर मच्छीमार तुम्हाला कोणत्याही यंत्रणेच्या आधी गाठतील. होडी दिसली तर तिच्या पुढ्यात, थोडं अंतर राखून उतरा. मित्राला पोहता येतं का, हे आजच विचारून घ्या.

आता सडे. तुमचा सगळ्यात मोठा भरवसा यांच्यावर आहे आणि माझा सगळ्यात कमी. वरून सडा म्हणजे नैसर्गिक धावपट्टी वाटतो. पावसाळ्यात हिरवागार, हिवाळ्यात पिवळा, उन्हाळ्यात काळा-तांबडा. खाली उतरून चाला म्हणजे कळेल. जांभ्याचा कातळ खडबडीत असतो, त्यात फुटाफुटाचे खळगे आणि भेगा असतात. हद्दीहद्दीला कमरेएवढे गडगे, म्हणजे दगड रचून केलेल्या भिंती, घातलेले असतात, आणि ते त्याच दगडाचे असल्यामुळे रंगाने वेगळे दिसत नाहीत. चिरेखाणी असतात. उभ्या भिंतींचे चौकोनी खड्डे, कडेला चिऱ्यांचे ढीग, आणि जी खाण गेल्या वर्षी नव्हती ती या वर्षी असते. सड्याच्या कडेला जमीन एकदम तुटते, तिथे वारा वरखाली होतो आणि तुमचा अंदाज शेवटच्या शंभर फुटांत बिघडवतो. वाळलेलं गवत आणि गळणारं पेट्रोल यांचं काय होतं हे वेगळं सांगायला नको. तरीही सडा पूर्णपणे टाकाऊ नाही. तारा कमी, झाडं कमी, माणसं कमी. गडगे ओळखू येत असतील आणि दोन गडग्यांमध्ये वाऱ्याला सामोरा दोनशे मीटर मोकळा तुकडा मिळत असेल, तर चाकं मोडतील पण तुम्ही चालत बाहेर याल. मात्र तो तुकडा आधी पायी बघितलेला असावा.

आंबा-काजूच्या बागांवर उतरायची वेळ आली तर झाडांच्या शेंड्यांना जमीन समजा. कलमांच्या दाट फांद्यांवर, नाक किंचित वर ठेवून, कमीत कमी वेगात टेकलात तर फांद्या वेग खातात. माड, पोफळी आणि सुरू टाळा, तिथे फक्त खोड असतं. हायवेचा विचार सोडून द्या. दुभाजक, ट्रक, वळणं, आणि दोन्ही बाजूंना खांब. खाड्यांवरून डोंगर ते डोंगर जाणाऱ्या उच्च दाबाच्या तारा तर दिसतच नाहीत. तार शोधू नका, टेकडीवरचा मनोरा शोधा. एक मनोरा दिसला की समोरच्या टेकडीवर दुसरा असणार आणि मध्ये तार असणार.

माझा कल मळ्याकडे, म्हणजे सपाट भातशेतीकडे, आहे. भातकापणी झाल्यावर, नोव्हेंबरपासून पुढे, खाचरं कडक होतात आणि खुंटं टोचली तरी चाकाला त्रास देत नाहीत. अडचण असते बांधांची. कुणगे, म्हणजे शेताचे तुकडे, लहान, बांध गुडघ्याएवढे. पण नदीकाठचे मळे मोठे असतात. लांबट कुणगा बघून बांधाला समांतर उतरायचं, आडवं नाही. जून ते सप्टेंबर मात्र खाचरात पाणी असतं, तेव्हा ते शेत नसून तळं आहे असंच समजायचं.

आता माझी गोष्ट सांगतो, कारण वरचं बरंचसं मी त्या दिवसानंतर शिकलो.

नव्वदच्या दशकातली डिसेंबरची सकाळ. दक्षिणेकडून रत्नागिरीला येत होतो. विमान एका संस्थेचं होतं, शेजारी मित्र. २५०० फुटांवर, जैतापूरच्या खाडीच्या उत्तरेला इंजिन थरथरायला लागलं आणि २४०० वरून आरपीएम १८०० वर आले. कार्ब हीट (कार्बुरेटरला गरम हवा देणारा दांडा) ओढली, मिक्श्चर (इंधन-हवेचं प्रमाण), टाकी, मॅग्नेटो (ठिणगी देणारी यंत्रं) सगळं करून पाहिलं. थरथर गेली नाही. पण इंजिन चालू होतं. विमान मिनिटाला दीडशे-पावणेदोनशे फूट उतरत होतं. मी हिशेब केला. रत्नागिरी पंधरा मैल, तेरा मिनिटं, दोन हजार फूट जातील. जमेल. माझ्या डाव्या हाताला त्या क्षणी एक रिकामी पुळण होती. ओहोटी लागलेली, ओली वाळू आरशासारखी चमकत होती. मी ती ओलांडून पुढे गेलो.

सहा मिनिटांनी मोठा आवाज झाला आणि पंखा थांबला. तेव्हा माझ्याखाली बाराशे फूट होते, समोर गडग्यांचा सडा, डावीकडे आंब्याच्या बागा आणि उजवीकडे दरीत भाताची खाचरं. दीड मिनिट. मी कुणग्यात उतरवलं. टेकलो ठीक, पन्नास नॉटच्या आसपास, पण कुणगा संपला आणि बांध आला. पुढचं चाक मोडलं आणि विमान नाकावर जाऊन थांबलं. मला खरचटलं. मित्राने फोटो काढायला सोपं जावं म्हणून खांद्याचा पट्टा सोडून ठेवला होता. मी ते पाहिलं होतं आणि काही बोललो नव्हतो. त्याचं कपाळ पॅनेलवर आदळलं, अकरा टाके पडले. त्याने मला कधी दोष दिला नाही. माझ्या मनातून तो पट्टा अजून जात नाही.

गावातली माणसं धावत आली. मित्राला खाटेवर घालून रस्त्यापर्यंत नेलं. ज्यांचा कुणगा होता ते आजोबा विमानाभोवती एक फेरी मारून आले. कुळीथ नुकताच उगवला होता, तो चेंगरला होता, त्याबद्दल चकार शब्द नाही. ते एवढंच म्हणाले, ‘अवो, पलीकडच्या मळ्यात का नाय उतरलात? तिथे आमी भावाभावांनी बांध मोडून एकच केलाय.’ मी वळून पाहिलं. वहाळाच्या पलीकडे तीनशे मीटर लांब, सपाट, बिनबांधाचा मळा होता. हवेतून मला तो बाकीच्या खाचरांसारखाच दिसला होता.

नंतर इंजिन उघडलं तेव्हा एका सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व तुटलेला सापडला. तो आधी कधीपासून अडकत होता. त्याची खूणही मिळालेली होती. दोन दिवस सकाळी थंड इंजिन सुरू करताना अर्धा मिनिट खडखडत होतं आणि मग सुरळीत होत होतं. गरम झालं की अडकलेला व्हॉल्व सुटतो, म्हणून माणूस विसरून जातो. तुमचं इंजिन सकाळी असं करत असेल तर त्या दिवशी उडू नका, मेकॅनिकला दाखवा.

मी फसलो ते इंजिन अर्धवट चालू राहिल्यामुळे. पूर्ण बंद पडलं असतं तर मी त्या पुळणीवर उतरलो असतो आणि विमानाला ओरखडाही आला नसता. हे माझ्या एकट्याचं नाही. ऑस्ट्रेलियाच्या वाहतूक सुरक्षा विभागाने २००० ते २०१० मधल्या एक-इंजिनी विमानांच्या नोंदी तपासल्या. उड्डाण केल्याकेल्या इंजिनाची शक्ती अर्धवट गेल्याच्या २४२ घटना होत्या, पूर्ण गेल्याच्या ७५. अर्धवटच्या नऊ घटनांमध्ये माणसं दगावली, पूर्णच्या एकाही नाही. धडपडणारं इंजिन आशा लावतं, आणि त्या आशेवर आपण चांगली जागा मागे टाकतो. म्हणून इंजिन कुरकुरलं की ते थांबलंच आहे असं समजून जवळच्या चांगल्या जागेच्या डोक्यावर जा आणि तिथे घिरट्या घालत विचार करा. उरलेली शक्ती उंची टिकवायला वापरा, लांब जायला नाही.

प्रत्यक्ष थांबलं तर काय करायचं ते तुम्हाला शिकवलेलं आहेच, मी फक्त जिथे हात चुकतो ते सांगतो. पहिलं काम नाक खाली घेऊन ग्लाइडचा वेग धरणं आणि तो हात न लावता टिकावा म्हणून ट्रिम लावणं. बाकी सगळं त्यानंतर. दुसरं, वारा आणि जागा. एकदा जागा ठरली की बदलू नका, खाली जाताना सगळ्याच दुसऱ्या जागा जास्त चांगल्या दिसायला लागतात. मग कारण शोधा. इंधनाचा सिलेक्टर, मिक्श्चर, मॅग्नेटो. कार्बुरेटरचं इंजिन असेल तर कार्ब हीट सगळ्यात आधी, आणि पूर्ण. कोकणातल्या दमट हवेत पंचवीस अंशांनाही कार्बुरेटरमध्ये बर्फ धरतो, कारण आतलं तापमान वीस अंशांहून जास्त खाली जाऊ शकतं. उष्णता एक्झॉस्टमधून येते, म्हणून इंजिन थंड व्हायच्या आत ती वापरावी लागते. बर्फ वितळताना इंजिन आणखी खोकतं. घाबरून कार्ब हीट बंद करू नका. तुमची १७२ नव्या, फ्युएल इंजेक्शनच्या मॉडेलची असेल तर हा भाग गळतो, त्याऐवजी फ्युएल पंप.

रेडिओवर मेडे, म्हणजे संकटाची हाक, उंचीवर असतानाच द्या. ज्या फ्रीक्वेन्सीवर बोलत आहात तिथेच, उत्तर नाही आलं तर १२१.५, आणि ट्रान्सपाँडरवर (रडारला विमानाची ओळख देणाऱ्या यंत्रावर) ७७०० हा संकटाचा कोड. सोंडेआड गेलात की रेडिओ ऐकू जात नाही. विमानातला ईएलटी (अपघात झाल्यावर संकटसंदेश पाठवणारं यंत्र) ४०६ मेगाहर्ट्झचा आहे ना ते निघण्यापूर्वी पाहा. १ फेब्रुवारी २००९ पासून उपग्रह फक्त तोच ऐकतात. समुद्रातल्या मदतीसाठी तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक किनाऱ्यावर तुमची वाट पाहणाऱ्या माणसाकडे देऊन ठेवा. पोहोचायची वेळही त्याला सांगा.

फ्लॅप घ्यायचे ते जागेवर पोहोचणार याची खात्री झाल्यावरच. वीज बंद करायची ती फ्लॅप घेऊन झाल्यावर, कारण ते विजेवर चालतात. इंधन बंद, मिक्श्चर बंद, मॅग्नेटो बंद, दार उघडं, पट्टे घट्ट. आणि शेवटपर्यंत वेग. फार जण दगडावर आदळून मरत नाहीत, जागा हातची जाते आहे असं वाटून नाक ओढतात, स्टॉल होतात, म्हणजे वेग घटून पंखांची उचल संपते, आणि पंख टाकून पडतात. ताब्यातलं विमान बांधात घुसलं तरी माणूस वाचतो.

याचं गणित एकदा कागदावर करून बघा. ४५ नॉटने टेकलेलं विमान नऊ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या नऊपट, इतक्या धक्क्यात थांबवायला तीन मीटर पुरतात. ६५ नॉटने टेकलं तर सहा मीटरच्या वर लागतात. हवेतला वेग पन्नास नॉट धरला तर दहा नॉटचा वारा समोरून घेतलात की मागून, यावर जमिनीवरचा तुमचा वेग चाळीस की साठ हे ठरतं, आणि आदळण्याचा जोर सव्वादोनपट होतो. म्हणून मोठी पण वारा मागून येणारी जागा आणि छोटी पण वाऱ्यासमोरची जागा यांत मी बऱ्याच वेळा छोटी धरीन.

उड्डाण करताकरताच इंजिन गेलं तर मागे वळू नका. मागे वळणं म्हणजे फक्त १८० अंश नाहीत, रेषेवर यायला त्याहून बरंच जास्त वळावं लागतं, तेही कमी वेगात आणि कमी उंचीवर. ४५ अंश कलवलं की स्टॉलचा वेग एकोणीस टक्क्यांनी वाढतो. समोर, डावी-उजवीकडे तीसेक अंशांत जे आहे त्यातलं मऊ शोधा. दोन्ही धावपट्ट्यांच्या टोकांपलीकडे काय आहे ते आदल्या दिवशी गाडीने जाऊन पाहून या.

उतरल्यावर लांब व्हा, माणसं मोजा, विडी-सिगारेट पेटवू देऊ नका आणि परवानगीशिवाय विमान हलवू देऊ नका. गावकरी मदत म्हणून ते ओढून सावलीत लावायला निघतात, त्यांना हात जोडून थांबवा.

शेवटी एक सुचवतो. डिसेंबरच्या आधी दोन दिवस काढा, मित्राला घ्या आणि रत्नागिरीहून देवगडपर्यंत मोटारसायकलने जा. भाट्याला, गावखडीला, वेत्याला ओहोटीच्या वेळी वाळूवर टाच मारून बघा. सड्यावर पंधरा मिनिटं चाला. मळ्यात कोणी भेटलं तर विचारा, बांध कुठे मोडलाय, पाणी कुठे साचतं. नकाशावर खुणा करा.

माझ्या नकाशावर त्या आजोबांचा मळा वीस वर्षांहून जास्त काळ होता. मागच्या वर्षी कुळथाच्या दिवसांत पुन्हा तिथे चालत गेलो. आजोबा नाहीत. नातवाने मळ्याच्या मधोमध बोअर मारली आहे आणि तिच्यापर्यंत विजेचे चार खांब आले आहेत. घरी आल्यावर ती खूण खोडली.